शेवटची बादली

मुलांनो, एक प्रश्न विचारते. उत्तर द्यायची घाई करू नका, थोडा विचार करा. तुमच्या घरात सकाळी सगळ्यांत शेवटी अंघोळ कोण करतं? आणि त्या शेवटच्या माणसाच्या बादलीतलं पाणी कसं असतं? छान ऊन, कोमट, की चक्क गार?

हा प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारला होता. मुलांनी घरी जाऊन आठ दिवस वहीत लिहून आणलं. पहिली अंघोळ कोणाची, दुसरी कोणाची, असं क्रमाने. पहिल्या रकान्यात बाबा होते, आजोबा होते, कॉलेजात जाणारा दादा होता. शेवटच्या रकान्यात मात्र बहुतेक वह्यांत एकच शब्द होता, आई.

मग मी विचारलं, "आईला पाणी कसं मिळतं?" वर्ग गप्प. कारण ते कोणी बघितलंच नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, बाईंना हे मध्येच कुठून सुचलं? सांगते. आमच्या घरी गिझर घ्यायचा होता. केवढा घ्यावा, यावर घरात रोज चर्चा व्हायची. आम्ही राहतो जामनेरला, जळगाव जिल्ह्यात, कांग नदीच्या काठी. खान्देश म्हटलं की तुम्हाला रणरणतं ऊन आठवेल. खरंच आहे ते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर हात भाजतो. पण डिसेंबर-जानेवारीत हेच गाव पहाटे असं गारठतं की पारा १० अंशांखाली उतरतो. तेव्हा कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून पाणी तापवणारी घरं आमच्याकडे आजही आहेत. आमच्या घरात माळ्यावर सासूबाईंचा तांब्याचा बंब आहे, आणि रोजच्या वापराला बादलीत सोडायचा विजेचा रॉड होता.

माणसं सहा. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "ताई, घरात माणसं किती?" मी म्हटलं, "सहा." लगेच उत्तर, "मग पंचवीस लिटरचा घ्या." शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोठाच घ्या हो, पाहुणे-रावळे येतात." मुलांचे बाबा म्हणाले, "एक लिटरचा झटपट तापवणारा घेऊ, स्वस्तात पडेल." तीन माणसं, तीन मतं. आणि मोजलं होतं कोणीच नाही! मग मी ठरवलं, आधी मोजायचं आणि मग घ्यायचं.

त्याआधी एक गंमत. 'गिझर' हा शब्द कुठला माहीत आहे का? उत्तरेकडे आइसलंड नावाचा देश आहे. तिथे जमिनीतून उकळतं पाणी उसळून वर येतं अशा एका झऱ्याचं नाव 'गेसिर', म्हणजे उसळणारा. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवायचं यंत्र बनवलं, त्याला हे नाव दिलं. तेच नाव फिरत फिरत आपल्या न्हाणीघरात आलं. अर्थात ऊन पाण्याचा झरा बघायला आइसलंडला कशाला जायला हवं? आपल्याच जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला जमिनीतून ऊन पाणी येतं. तिथे वीज नको, लाकूड नको. पण उनपदेव काही प्रत्येकाच्या अंगणात नाही. तेव्हा आपण हिशेबाकडे वळू.

पहिलं मोजमाप बादलीचं. एक लिटरची बाटली घ्या आणि तुमची अंघोळीची बादली किती बाटल्यांनी भरते ते मोजा. आमची २० बाटल्यांनी भरली. म्हणजे २० लिटर.

दुसरं मोजमाप उष्णतेचं. शाळेच्या प्रयोगपेटीतला तापमापक वापरला. ताप बघायचा तापमापक मात्र यासाठी मुळीच वापरू नका बरं का! तो ४२ अंशांच्या पुढे जात नाही, फुटेल. डिसेंबरात सकाळी आमच्या टाकीतलं पाणी भरलं २० अंश. अंघोळीला सुखाचं वाटतं ते पाणी भरलं ४० अंश.

आता गिझरमधलं पाणी ६० अंशांचं असतं असं धरा. ते थेट अंगावर घेता येत नाही, पोळेल. त्यात गार पाणी मिसळायचं. किती? वर्गात आम्ही प्रयोग केला. मोठ्या पातेल्यात एक लिटर ६० अंशांचं पाणी मी स्वतः ओतलं आणि त्यात एक लिटर २० अंशांचं मिसळलं. मुलांनी आधीच सांगितलं, "बाई, मधला आकडा येणार, ४०!" तापमापक बुडवला तर ३९. "एक अंश गेला कुठे?" मी विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, पातेल्याने खाल्ला!" अगदी बरोबर. पातेलंही तापलं ना!

म्हणजे ऊन पाण्याच्या एका बादलीला गिझरमधलं पाणी लागतं अर्धी बादली, १० लिटर. सहा माणसं, सहा बादल्या, म्हणजे ६० लिटर. मग ६० लिटरचा गिझर घ्यायचा का?

नाही! इथेच खरी मेख आहे. सहाही माणसं एकाच वेळी न्हाणीघरात शिरतात का? गिझर एकदा रिकामा झाला की दिवसभर रिकामा बसतो का? तो पुन्हा तापवतोच की. म्हणून तिसरं मोजमाप घड्याळाचं.

आमच्या घरचा तक्ता असा निघाला. सासरे साडेपाचला. सासूबाईंना थंडीत उन्हं आल्यावर, नऊच्या पुढे बरं वाटतं. उरलेल्या चौघांची सगळी धावपळ सहा ते सात या एका तासात. मुलांची शाळा, यांची नोकरी, माझी शाळा. गिझर निवडायचा तो या घाईच्या तासासाठी, चोवीस तासांसाठी नाही. दोन मोठ्यांना पूर्ण बादली, मुलांना पाऊण बादली पुरते. गिझरमधलं पाणी लागणार १० अधिक १० अधिक साडेसात अधिक साडेसात, म्हणजे ३५ लिटर. एका तासात.

आता गिझर तासाभरात किती तापवतो ते बघू. मोठ्या मुलांनी पाटी-पेन्सिल घ्या. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते एक किलोकॅलरी उष्णता. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. साठवणीचा साधा गिझर २००० वॉटचा असतो, म्हणजे तासाला दोन युनिटं, १७२० किलोकॅलरी. २० अंशांचं पाणी ६० वर न्यायचं म्हणजे ४० अंश चढवायचं. १७२० भागिले ४०, उत्तर ४३. म्हणजे हा गिझर तासाला ४३ लिटर पाणी तापवतो. टाकी १५ लिटरची असो की २५ ची, हा वेग तोच! टाकी मोठी घेतली की वेग वाढत नाही, फक्त आधीचा साठा वाढतो. १५ लिटरच्या टाकीचा साठा आणि तासाचं तापवणं मिळून झाले ५८ लिटर. आम्हाला हवे ३५. म्हणजे पंधरा लिटरचा पुरून उरला की नाही?

पण थांबा, अजून आनंद नको. थंडीत पहाटे गल्लीतले सगळेच रॉड आणि गिझर एकदम सुरू होतात. दिवा पिवळट पडतो, पंखा रेंगाळतो. व्होल्टेज उतरलेलं असतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर गिझरची ताकद किती उरते? १८० ला २३० ने भागा, येतात ०.७८. या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, येतात ०.६१. म्हणजे शंभरातली ६१ च! मग १५ लिटरचा गिझर तासाला ४३ ऐवजी २६ लिटरच तापवणार. १५ अधिक २६, झाले ४१. आम्हाला हवे ३५. टाकीतलं शेवटचं पाणी थोडं कोमट येतं, ते धरलं तरी निभावतं. शिवाय विजेचा भरवसा नसला तरी टाकीत साठलेलं पाणी थोडा वेळ ऊन राहतं.

आता एक लिटरचा झटपट गिझर बघू. त्याच्यात साठा नाहीच. नळ सोडला की पाणी जाता जाता तापतं. तो ३००० वॉटचा धरला तर मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो. पूर्ण बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला ४०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे बादली भरायला नऊ मिनिटांच्या वर वेळ. चार बादल्यांना ३७ मिनिटं. पूर्ण व्होल्टेज असेल तर ठीक आहे. पण १८० व्होल्टला त्याच चार बादल्यांना तासभर लागतो. आणि नुसतं भरण्यातच तास गेला तर शेवटच्या माणसाने काय करावं? तो म्हणणार, "जाऊ दे, मी गारच घेते." बघा, 'घेते' असं आपोआप लिहिलं गेलं! शिवाय ३००० वॉटला १३ अँपिअर वीज ओढली जाते. साध्या घरगुती सॉकेटवर ते चालत नाही, १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड तार लागते. एकट्या माणसाला, किंवा स्वयंपाकघरात भांडी घासायला मात्र हा छोटा गिझर छान.

मग पंचवीस लिटरचा का नको? घ्यावा की, ज्यांच्या घरी लागतो त्यांनी जरूर घ्यावा. घरात शॉवर असेल तर पाच मिनिटांत ४०-५० लिटर पाणी सहज जातं, म्हणजे अडीच बादल्या. आठ माणसांची एकाच तासात घाई असेल, तरीही मोठी टाकी हवी. पण गरज नसताना मोठी घेतली की काय होतं? १५ लिटर पाणी २० वरून ६० वर जायला २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५ मिनिटं. सासऱ्यांच्या पहाटेच्या एका बादलीसाठी २५ लिटर तापवून ठेवायचे आणि उरलेलं पाणी भिंतीवर थंड होत बसायचं. टाकीला कितीही अस्तर असलं तरी उष्णता हळूहळू झिरपतेच. गिझरवर ताऱ्यांची चिठ्ठी असते ना, ती हेच सांगते. नुसतं पाणी ऊन राखण्यात दिवसाला किती वीज वाया जाते, यावरून ते तारे ठरतात. जास्त तारे, कमी गळती.

पालकहो, बिलाचाही हिशेब सांगते. सहा जणांच्या सहा बादल्या धरल्या तर रोज २४०० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन युनिटं. महिन्याला ८० च्या वर. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, हे तुम्ही जाणताच. आणि ही वीज येते कुठून? आमच्या जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफेने चाक फिरवतात, तेव्हा वीज होते. कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा वीज बनून आपल्याकडे येतो, आणि आपण तिने काय करतो? पुन्हा पाणीच तापवतो! म्हणून एक बादली ऊन पाणी फुकट सांडू नये, मुलांनो.

सूर्यावर पाणी तापवायचा संच असेल तर ही अडचण बरीचशी टळते. आमच्या खान्देशात थंडीतही ऊन भरपूर. पण तिथे मापाचा नियम बदलतो, हे लक्षात ठेवा. वीज हवी तेव्हा पुन्हा तापवते, सूर्य मात्र रात्री येत नाही. पहाटेच्या अंघोळीचं पाणी आदल्या दुपारीच तापून टाकीत साठलेलं हवं. म्हणून तिथे घाईचा तास नाही, सगळा दिवस मोजायचा. थंडीत पाणी ५० अंशांपर्यंतच तापलं असं धरलं, तर प्रत्येक बादलीला साडेतेरा लिटर लागेल. सहा जणांना ८०. म्हणजे १०० लिटरचा संच आम्हाला पुरला असता. पण आम्ही भाड्याच्या घरात राहतो, गच्ची घरमालकांची. ज्यांची गच्ची स्वतःची आहे त्यांनी जरूर विचार करावा.

शेवटी आम्ही १५ लिटरचा गिझर घेतला. तो बसवला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "गार पाणी आत जातं कुठून?" गार पाणी खालून शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं, असं मी सांगितलं. त्या हसल्या. "म्हणजे आपला बंबच की! वरून एक तांब्या गार ओता, तोटीतून एक तांब्या ऊन घ्या." खरंच, तत्त्व तेच. फक्त पऱ्हाट्यांच्या जागी वीज आली.

मग दिवाळीचं काय? अभ्यंगस्नानाला पहाटे सगळे एकदम, भाऊबीजेला नणंदा, भाचे, भाच्या. दहा-बारा माणसं होतात. पण दिवाळी वर्षातून एकदा. त्या दिवशी अंगणात चूल मांडून बंब पेटवावा, त्यात वेगळीच मजा आहे! चार दिवसांच्या दिवाळीसाठी वर्षभर मोठी टाकी तापवत बसू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी गिझर नाही, घ्यायची ऐपतही नाही. घरात सात माणसं आणि चुलीवर एकच हंडा. तिच्या तक्त्यात शेवटची तीन नावं होती, मोठी बहीण, ती स्वतः आणि आई. तिघींनाही रोज गार पाणी. कडाक्याच्या थंडीत ही मुलगी शाळेत कुडकुडत यायची. आम्ही दोघींनी मिळून हिशेब केला. हंडा ३० लिटरचा, पाणी ७० अंशांपर्यंत तापायचं. २० अंशांचं गार मिसळून त्याचं ४० अंशांचं ७५ लिटर पाणी होतं. पावणेचार बादल्या! पहिली चार माणसं एकेक बादली घेऊन मोकळी व्हायची, आणि पुढच्यांना काही उरायचंच नाही. पण ७५ ला सातने भागा. प्रत्येकाला दहा लिटरच्या वर येतात. म्हणजे सगळ्यांना अर्धी अर्धी बादली, आणि सगळ्यांना ऊन!

तिने बादलीवर मध्यावर लाल रंगाची रेघ ओढली. घरात सांगितलं, रेघेच्या वर कोणी भरायचं नाही. आणि आईच्या वाट्याचं गरम पाणी सगळ्यांच्या आधी काढून, झाकण घालून चुलीच्या वैलावर ठेवायचं. पैसा एक लागला नाही. तिच्या आजोबांनी आधी कुरकुर केली म्हणे. मग तिने त्यांना वहीच दाखवली. आकडे बघून आजोबा म्हणाले, "लिहिलंय खरं पोरीनं."

मोठा गिझर घेऊनही आईला गार पाणी मिळतं अशी घरं आहेत, आणि एका हंड्यात सातही जणांना ऊन पाणी मिळतं असंही एक घर आहे. म्हणून योग्य माप कोणतं, असं कोणी विचारलं तर मी म्हणते, ज्या मापात शेवटची बादली पहिल्या बादलीइतकी ऊन असते ते.

मोजताना काही गोष्टी मात्र काटेकोर पाळा. रॉड लावलेल्या बादलीत हात घालून पाणी तापलं का ते कधीही बघू नका. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मगच रॉडला आणि पाण्याला हात लावायचा. हे काम मोठ्यांचंच. विजेच्या गिझरला अर्थिंग हवंच, आणि अंघोळीला जाताना बटण बंद करावं. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही नसावा. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस बेशुद्ध होतो तरी त्याला कळत नाही. उकळत्या पाण्याची बादली घरात लहान मूल असताना जमिनीवर उघडी ठेवू नये.

तर मग येत्या रविवारी वहीचं एक पान घ्या. चार रकाने आखा. कोण, किती वाजता, किती बादली, पाणी कसं. आठ दिवस भरा. बाकीचे रकाने दुसऱ्यांना विचारून भरलेत तरी चालेल. पण शेवटच्या माणसाची बादली भरली की त्यातलं पाणी कसं आहे, ते स्वतः हात लावून बघा. अर्थात बटण बंद आहे ना, ते आधी विचारून!